पाचाचे एकदम दहा नकोत, दरवर्षी रुपया वाढवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बेस्टच्या बसची भाडेवाढ नको म्हणणारी पत्रं आपल्याकडे ढिगानं येत असतील. माझं पत्र वाढीच्या बाजूचं आहे. गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, मी गाडीवाली नाही. टागोर नगर ते विक्रोळी स्टेशन बस, पुढे लोकल, संध्याकाळी हेच उलटं, असं गेली कित्येक वर्षं चालू आहे. माझं म्हणणं एवढंच, की बेस्टनं भाडं दरवर्षी वाढवावं, थोडं वाढवावं आणि कुठल्या तारखेला वाढणार ते आधी सांगावं.

९ मे २०२५ ला साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा झालं आणि एसीचं सहाचं बारा. शुक्रवार होता. बातमी येऊन गेली होती, पण सगळेच काही पेपर वाचून बसमध्ये चढत नाहीत. लोक सवयीनं पाचाचं नाणं पुढे करत होते आणि कंडक्टर "आजपासून दहा, आजपासून दहा" म्हणत पुढे सरकत होता. एक आजी म्हणाल्या, "तिकीट नीट दे रे बाबा, घरी सुनेला दाखवायला लागेल." सगळे हसले. भांडण कुणी केलं नाही. मुंबईकर बसमध्ये भांडतो तो सुट्ट्यावरून.

खरा परिणाम दिसला तो पुढच्या आठवड्यात, स्टॉपवर. आमच्यातल्या एकीनं उभ्या उभ्या हिशेब मांडला. रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. स्टेशन त्याच्या आतच येतं. तिघी बसलो की माणशी नऊ रुपयेही पडत नाहीत, आणि बसला दहा! तेव्हापासून तिसरी कधी येते याची वाट बघत दोघी उभ्या असतात. नऊ-नऊ काढले की सत्तावीस होतात, वरचा रुपया रिक्षावाल्याकडे राहतो. जवळचं भाडं म्हणून तो आधी नाक मुरडतो, पण त्या रुपयानं थोडा खूश होतो. मी एका लहान कंपनीत हिशेब लिहिते, म्हणून हे आकडे डोक्यात फिरतात. ज्या प्रवाशाला स्टेशनपर्यंतच जायचंय, त्याला बस रिक्षापेक्षा महाग पडायला लागली. असे प्रवासी एकदा रिक्षाला सरावले की परत येणं कठीण.

आता मागचं बघा. २०१५ मध्ये बेस्टनं वाढ दोन हप्त्यांत केली होती, १ फेब्रुवारीला सहाचे सात आणि १ एप्रिलला साताचे आठ. कुरकुर झाली, मग लोक विसरले. दूध दोन रुपयांनी वाढतं तेव्हा होतं तसंच. मग जुलै २०१९ मध्ये उलटा चमत्कार झाला. आठाचे पाच झाले, आणि तेही दोन किलोमीटरऐवजी पहिल्या पाच किलोमीटरना. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. बसला गर्दी वाढली, रिकाम्या धावणाऱ्या गाड्या भरायला लागल्या. तो निर्णय चांगलाच होता, आजही मी तेच म्हणेन. चुकलं ते नंतर. पाच रुपये जे ठरले ते जवळजवळ सहा वर्षं कुणी हलवलेच नाहीत. इंधन वाढलं, पगार वाढले, बेस्टच्याच वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरायची जुनी सोय आधीच आटली होती, गाड्यांची संख्या तीन हजारांच्याही खाली आली. आणि मग एका सकाळी दुप्पट.

कोरोनाचं २०२० सोडून देऊ. २०२१ पासून दरवर्षी एकच रुपया वाढला असता तर २०२५ मध्ये आपण दहावरच पोचलो असतो. तेच दहा! फक्त मधली चार वर्षं बेस्टच्या पेटीत काही पडलं असतं आणि रिक्षाचा तो हिशेब एका दिवसात आमच्या तोंडावर आदळला नसता.

एक-एक रुपया वाढवला तर सुट्ट्यांचा घोळ होईल, हे उत्तर मला माहीत आहे. साध्या बसचं भाडं दहा, पंधरा, वीस असं पाचाच्या पटीत ठेवण्यात सोय आहे, हे मान्य. पण एसीला बारा रुपये घेताच ना? आणि आता अर्धी बस चलो ॲपवर किंवा कार्डावर तिकीट काढते, त्यात सात काय नि अकरा काय. सुट्ट्यांसाठी प्रवाशाला पाच-पाच रुपयांच्या उड्या मारायला लावायच्या हे मला पटत नाही. दोन किलोमीटरचा जुना टप्पाही परत आणा. स्टेशनपर्यंत जाणारा आणि पाच किलोमीटर जाणारा एकाच भावात बसवल्यानंच रिक्षावाल्याचं फावलं.

आमचे शेजारी म्हणतात, "ताई, यांना दरवर्षी वाढवायची चटक लागेल." शंका खोटी नाही. म्हणून वाढीला वरची मर्यादा हवी, आणि खर्च उतरला तर भाडंही उतरायला हवं. सिंगापूरमध्ये दरवर्षी भाड्याचा आढावा घेतात आणि तिथं ते कमीही झालेलं आहे. पण शेजाऱ्यांपेक्षा मला भीती दुसरीच वाटते, ती म्हणजे दरवर्षी असं ठरवूनही ते होणार नाही. रिक्षा-टॅक्सीचंच बघा. हकीम समितीनं २०१२ मध्ये दरवर्षी भाडं ठरवण्याचं सूत्र दिलं. नंतर खटुआ समिती आली. प्रत्यक्षात २०१५ चे १८ रुपये थेट मार्च २०२१ मध्ये २१ झाले, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ आणि आता २६. सूत्र कागदावर आणि निर्णय निवडणूक बघून, असं चाललं तर बेस्टचंही तेच होईल.

शिवाय ठरवणारे तरी किती! रिक्षा, टॅक्सी आणि बेस्टच्या भाड्याला परिवहन प्राधिकरणाची मंजुरी, मेट्रोला वेगळी समिती, लोकलचं दिल्लीत. १ जुलै २०२५ ला रेल्वेनं भाडं वाढवलं तेव्हा उपनगरी गाड्या आणि पास वगळले, त्याबद्दल आभार. पण तेही एक दिवस साठवून अंगावर येणार नाही कशावरून? आणि बेस्टची वाढ झाली तेव्हा महापालिकेची मुदत संपून तीन वर्षं उलटली होती, त्यामुळे नगरसेवकांची बेस्ट समितीच अस्तित्वात नव्हती. पूर्वी निदान समितीत आरडाओरडा तरी व्हायचा, आणि त्यातूनच आम्हाला कळायचं की काहीतरी शिजतंय.

तारखेबद्दल एक विनंती. जून सोडून काहीही चालेल. जूनमध्ये वह्या, गणवेश, छत्र्या आणि शाळेची फी असते. १ एप्रिल बरी, पगार वाढलाच तर आमचा तेव्हा वाढतो. आणि बोर्ड महिनाभर आधी स्टॉपवर लावा, त्या आजींना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

आपली,
एक वाचक,
टागोर नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई