मेरोपीही आईच होती

संपादक महोदय,

अद्भुतकथांमधल्या आयांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. हॅरी पॉटरची आई लिली त्यात अग्रस्थानी आहे, आणि ते योग्यच. फक्त लेखिकेने तिच्या बलिदानाला ‘मायेची जादू’ म्हणून पुढे जायला नको होतं. तान्ह्या हॅरीला मारायला आलेल्या दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टने लिलीला बाजूला हो म्हणून बजावलं होतं. बाजूला झाली असती तर ती वाचली असती. हॅरीच्या वडिलांना, जेम्सला, असा पर्याय मिळालाच नाही. हॅरीला कवच मिळालं ते लिलीच्या या निवडीमुळे. तेव्हा तिचं वय होतं अवघं 21.

पण मी हे पत्र लिहितेय ते दुसऱ्या एका आईसाठी, जिचा लेखात उल्लेखही नाही. व्होल्डेमॉर्टची आई, मेरोपी.

माझी आई 2004 मध्ये गेली. मी चौदा वर्षांची होते. दोन वर्षं डायलिसिस चाललं होतं. एक दिवस तिने डॉक्टरांना सांगितलं, आता पुरे. मला कुणी काही विचारलं नाही. माझ्यासाठीसुद्धा तिला जगावंसं वाटलं नाही, हा राग मी मनात धरून बसले. पुढच्या वर्षी हॅरी पॉटर मालिकेतलं सहावं पुस्तक आलं आणि त्यात हॅरीने माझाच प्रश्न विचारला. मेरोपीला जादू येत होती, मग मुलासाठी ती जगली का नाही? त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर म्हणतात, दीर्घ दुःखाने ती खचली होती. आणि तुझ्या आईइतकं धैर्य तिच्यात कधीच नव्हतं.

उत्तराच्या पहिल्या अर्ध्या भागाने मी त्या रात्री कितीतरी वेळ रडले. दुसरा अर्धा मला आजही पटत नाही. बापाने आणि भावाने छळलेली, नवऱ्याने टाकलेली ही पोर वर्षाच्या शेवटच्या रात्री, बर्फ पडत असताना, धडपडत अनाथाश्रमाच्या पायऱ्या चढली. बाळ जन्मलं, तिने त्याला नाव दिलं, आणि तासाभरात ती गेली. लेकरू छपराखाली जन्मावं म्हणून एवढं चालत येणं, याला धैर्य नाही तर काय म्हणायचं?

तिचा मुलगा अकरा वर्षांचा असताना म्हणतो, आई जादूगार नसणारच, नाहीतर ती मेली नसती. मरण म्हणजे कमीपणा, हे त्याच्या डोक्यात इथेच बसलं आणि पुढचे सगळे खून त्यातूनच झाले, असं मला वाटतं. 2007 च्या शेवटच्या पुस्तकात हॅरी स्वतः मरणाला सामोरा जायला जंगलात निघतो, तेव्हा मरून गेलेली लिली छायारूपाने त्याच्या सोबत चालते. ती त्याला अडवत नाही. ते पान मी आजही एका दमात वाचू शकत नाही. मालिकेच्या लेखिका रोलिंगबाईंची स्वतःची आई 1990 मध्ये 45 व्या वर्षी गेली, हॅरी पॉटरबद्दल तिला एक शब्दही कळण्याआधी. ते पान त्याशिवाय असं उतरलं नसतं.

माझ्या आईने शेवटच्या महिन्यात अंथरुणावर बसून माझ्या पुढच्या इयत्तेच्या पुस्तकांना कव्हरं घातली होती. प्रत्येकावर माझं नाव लिहिलं होतं. शेवटच्या दोन पुस्तकांवरचं अक्षर थरथरलेलं आहे.

– एक वाचक