फरशा डबरात टाकण्यापूर्वी

वाई,
१२ फेब्रुवारी

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

माजघरातील शहाबादी फरशी काढून टाइल्स बसवायच्या आणि निघालेला सगळा माल डबरात द्यायचा, असे तू लिहिले आहेस. टाइल्स खुशाल बसव. पण ट्रॅक्टर बोलावण्यापूर्वी फरशा एकदा निवडून घे. गेल्या वर्षी पडवीची फरशी काढली तेव्हा निम्म्या फरशा मी फुटक्या म्हणून बाजूला सारल्या होत्या. आज त्यांतल्याच काहींचा परसात बसायचा कट्टा झाला आहे.

तुमच्या घराची फरशी चुन्यात बसवलेली आहे, हे तुझे भाग्य समज. चुना पहारीच्या टोकाला सुटतो. सिमेंट मात्र सुटता सुटता फरशीच मोडते. काढलेली फरशी भिंतीला उभी करून हातोडीच्या दांड्याने हलकेच वाजवून पाहा. खणखणीत वाजली तर ती अंगाने शाबूत आहे. बद्द आवाज आला तर आत पापुद्रा सुटलेला असतो, आणि अशीला जोडण्याच्या फंदात न पडता वाळूच्या थरावर पायवाटेला टाकावी. सोलापूरहून रेल्वेने वाडी जंक्शनकडे जाताना लागणाऱ्या शहाबादचा हा दगड मुळात थरांचाच, त्यामुळे तो पापुद्र्यांनी सुटतो, यात नवल नाही.

माझी फजिती सांगतो. फरशीला चिकटलेला चुना काढण्याच्या घाईत मी तिच्यावर संडास धुण्याचे ॲसिड ओतले. भसाभस फेस आला आणि चुना विरघळतो आहे म्हणून मी खूश झालो. तो विरघळत होताच. पण खालची फरशीही चुनखडीचाच दगड! लिंबाचा रस सांडल्यावर कडप्प्याच्या ओट्यावर पांढुरका डाग पडतो, हे लहानपणापासून पाहत आलो आणि ऐनवेळी नेमके तेच विसरलो. निळसर राखी फरशीवर बशीएवढा खरखरीत पांढरा चट्टा पडला, तो अजून तसाच आहे. तेव्हा छिन्नी, तारेचा ब्रश आणि पाणी यांपलीकडे जाऊ नकोस.

सरळ तडा जाऊन दोन तुकडे झालेली फरशी इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या पक्क्या चिकटद्रव्याने, उत्तम जोडता येते, मात्र दगड कोरडा ठणठणीत हवा. धुतल्यानंतर दोन-तीन दिवस उन्हात ठेव. माझा पहिला जोड ओलसर कडांमुळे उचलताना हातातच सुटला. सपाट फळीवर प्लॅस्टिकचा कागद पसरून दोन्ही तुकडे आधी कोरडेच जुळवून पाहावेत. मग डबीवर लिहिलेल्या प्रमाणात रेझिन व हार्डनर कालवून दोन्ही कडांना लावावे आणि तुकडे पाचरींनी एकमेकांशी दाबून एक दिवस अजिबात हलवू नयेत. कोपरा उडाला असेल, तर त्याच फरशीची कटरखाली पडलेली भुकटी चाळून इपॉक्सीत मिसळावी, म्हणजे भरलेल्या जागेचा रंग जुळतो. भर किंचित वर राहू द्यावी व घट्ट झाल्यावर पॉलिशच्या ६०, १२० आणि २२० नंबरच्या दगडांनी पाणी घालत घासून पातळीत आणावी. कापताना पाणी सोडत राहा आणि तोंडाला मास्क लाव. ती धूळ छातीत जाते.

जोडलेल्या फरशीवर मात्र अधांतरी भार देऊ नकोस. कट्ट्याच्या वेळी मी जोडाच्या बरोबर खाली विटांचा एक जादा पाया उभारला, म्हणून चौघे निर्धास्त बसतात. दोन फूट चौरस, सव्वा इंच जाडीची एक फरशी साधारण तीस किलो भरते, तेव्हा एकट्याने उचलण्याची हौस करू नकोस. तुझी कंबर मला ठाऊक आहे.

स्वयंपाकघरातील तुटलेला कडप्पा तुला नको असल्यास माझ्यासाठी ठेव. न्हाणीबाहेर बादली ठेवायला तेवढाच तुकडा मला कमी पडतो आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव