गाडी बदलायची की नाही, हे मागच्या सीटवर बसून ठरवावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषयच उरला नाही. जो तो जुनी गाडी देऊन नवी घ्यायला निघालाय. आपल्या वाहनविषयक पानावर येणारी परीक्षणंही मी नेमाने वाचते. इंजिन किती ताकदीचं, पिकअप कसा, स्क्रीन किती इंचाची, हे सगळं त्यात असतं. पण गेले सात महिने मला ज्या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं (म्हातारं माणूस या गाडीत त्रासाविना चढू-उतरू आणि बसू शकेल का?), ते त्यात कुठेच सापडलं नाही. म्हणून हे पत्र.

माझ्याकडे २०१४ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. ही गाडी चाकणच्या कारखान्यात तयार व्हायची. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादन तिथे थांबलं. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, सुमारे १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. घरचं कर्ज फिटल्यावर, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, स्वतःच्या पगारातून घेतलेली ही माझी पहिली गाडी. पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढायला लागलं की ती काय करते, हे ज्याने ती चालवली आहे त्यालाच कळेल. वळणात शिरताना जरासुद्धा कलत नाही. स्टिअरिंग जेवढं फिरवाल तेवढीच वळते. दिवसभराच्या सहा तासिका, पेपर तपासणी, घर हे सगळं त्या घाटात उतरून जायचं. अशी गाडी द्यायची की नाही, हा माझ्यासाठी किरकोळ प्रश्न नव्हता.

प्रश्न उभा राहिला तो बाबांमुळे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. १९७२ साली लागले, २००४ साली निवृत्त झाले. आयुष्य सातारा-महाबळेश्वर आणि सातारा-स्वारगेट करण्यात गेलं. इंजिन केबिनमध्येच शेजारी तापलेलं, पॉवर स्टिअरिंग नाही, खाली पाट्यांचं सस्पेन्शन. आज ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. मानेचा आणि कमरेचा दोन्हीकडचा स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज, आहे. महिन्यातून एकदा त्यांना पुण्याला तपासणीला न्यावं लागतं. अंतर जेमतेम एकशेदहा किलोमीटर, पण गेल्या पावसाळ्यात तेवढ्यासाठी तीनदा थांबावं लागायला लागलं. शिरवळला उतरले की दाराला धरून दोन मिनिटं नुसते उभे राहायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत. बत्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवत नाही.

एकदा मीच म्हटलं, आज गाडी भाचा चालवेल, मी मागे बसते. अकरा वर्षांत मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसलेच नव्हते! साताऱ्यातून हायवेला लागेपर्यंतच कळलं की पुढे बसून मी चालवत होते ती गाडी वेगळी आणि बाबा बसत होते ती वेगळी. घरी आल्यावर बाबांना विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं. "अगं, एसटीत जाणतं माणूस मधली सीट बघतं. पुढच्या-मागच्या चाकाच्या मधी बसला की धक्का निम्मा होतो. चाकावर बसला की सगळा अंगावर येतो." छोट्या गाडीत दोन चाकांमधलं अंतर असतं जेमतेम अडीच मीटर. चालवणारा त्याच्या मध्यावर बसतो आणि मागे बसणारा जवळजवळ मागच्या चाकावर. म्हणून चालवणाऱ्याला जी गाडी रस्त्याला चिकटून चाललेली वाटते, तीच मागच्याला बोचते. यात गाडीचा दोष नाही, ती चालवणाऱ्यासाठीच बांधलेली आहे.

लगेच विकायला काढली नाही. आधी तिला पूर्ववत करायचं ठरवलं आणि या टप्प्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुष्कळ लोक हा टप्पा गाळून थेट शोरूम गाठतात.

पहिली गोष्ट टायर. २०१८ साली मी हौसेने सोळा इंची अलॉय बसवले होते, १९५/५० आर १६. मूळचे टायर होते १८५/६० आर १५. हे आकडे पुष्कळांना नुसते नंबर वाटतात, पण त्यात साधं शेकडेवारीचं गणित आहे. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे. १८५चे ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर. १९५चे ५० टक्के म्हणजे साडेसत्त्याण्णव. म्हणजे दिसायला देखणं चाक घेताना मी रस्ता आणि बाबांची कंबर यांच्यामधली साडेतेरा मिलिमीटर हवेची गादी काढून टाकली होती. पंधरा इंची मूळ चाकं माळ्यावर गुंडाळून ठेवलेली होती. ती उतरवली, नवे टायर चढवले.

दुसरी गोष्ट हवा. रस्त्याकडेचा पंक्चरवाला विचारल्याशिवाय सगळ्यांना पस्तीस भरतो, तेही गाडी पळून टायर तापलेले असताना किंवा गार असताना, कसंही. कंपनीने किती सांगितली आहे ते गाडीवरच छापलेलं असतं, बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत. मी आता सकाळी टायर गार असतानाच, तो तक्ता बघून हवा भरते.

तिसरी गोष्ट शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. गाडी एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. मागचा एक शॉकअप गळत होता, बाकीचेही थकले होते, सांध्यांतल्या रबरी बुशांना चिरा गेल्या होत्या. शॉकअप आणि बुश मिळून साडेअठरा हजार खर्च आला. फरक पडला आणि चांगला पडला. पुढच्या पुण्याच्या खेपेला तीनऐवजी एकदाच थांबलो, खेड शिवापूरला. बाबांना आता मी पुढे बसवायला लागले होते, त्याचाही त्यात वाटा असणार. मला वाटलं, सुटला प्रश्न.

सुटला नव्हता. पुण्यात दवाखान्याच्या दारात बाबा गाडीत बसताना मी पहिल्यांदा नीट पाहिलं. एरवी मी तोवर दुसऱ्या बाजूने आत बसून एसी लावत असते. ते आधी छताच्या कडेला डावा हात लावतात. मग मान पुढे आणि उजवीकडे वाकवून डोकं आत घालतात. मग मान तशीच वाकडी ठेवून अंग खाली सोडतात, कारण सीट खाली आहे. शेवटचं अर्धं अंतर ते बसत नाहीत, पडतात. आणि नंतर डावा पाय दोन्ही हातांनी गुडघ्यात धरून उंबऱ्यावरून आत ओढतात. डॉक्टर ज्या मानेला जपा म्हणून सांगत होते, ती मान मी दर खेपेला चार-सहा वेळा अशी वाकवायला लावत होते. पोलोची उंची एक मीटर सत्तेचाळीस सेंटीमीटर. शॉकअप बदलता येतात, छत वर घेता येत नाही. गाडी द्यायची, हे त्या दारात ठरलं.

त्यानंतर शोरूमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मऊ गाडी म्हणजे आरामाची गाडी, असं मी धरून चालले होते. एक उंच, मऊ गाडी घेऊन आम्ही यवतेश्वरच्या घाटात गेलो. सपाट रस्त्यावर बाबा खूश होते. तिसऱ्या वळणाला गाडी एका अंगाला कलून परत सावरायला लागली आणि आईने खिडकी खाली करायला सांगितलं. तिला मळमळायला लागलं होतं. पोलोत तिला हा त्रास कधी झाला नाही. बाबा म्हणाले, "नुसती मऊ काय कामाची? धक्का खाल्ल्यावर एकदाच खाली जाऊन गप बसली पाहिजे. डुलत राहिली की पोटातलं वर येतं." हे मला कुठल्याच माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

शिवाय चाचणीसाठी आपल्याला नेतात कुठे, तर शोरूमसमोरच्या गुळगुळीत सर्व्हिस रोडवर. दोन किलोमीटर जाऊन परत. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. मी प्रत्येक ठिकाणी हट्ट धरला की गाडी आमच्या कॉलनीत न्यायची, आमच्या गतिरोधकावरून, चार माणसं बसवून. एका ठिकाणी तयार झाले नाहीत, तिथून आम्ही उठलो.

त्या गतिरोधकाबद्दलही लिहायला हवं. तो कोणत्याही खात्याने केलेला नाही, आम्हीच केला. तीन वर्षांपूर्वी कॉलनीतल्या एका मुलाला मोटारसायकलने उडवलं, पाय मोडला. आम्ही वर्गणी काढली, गवंडी बोलावला आणि एका रविवारी सिमेंटचा उंचवटा घालून टाकला. मीही पैसे दिले. परवानगी घ्यायची असते, त्याला माप असतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. परवा भाच्याला घेऊन दोरी आणि टेपने मोजला. उंची १७ सेंटीमीटर, रुंदी ६०. पोलोच्या पोटाखाली मोकळी जागा साधारण तेवढीच आहे; ती दर वेळी घासायची. भारतीय रस्ते काँग्रेस ही रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था; तिच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोलाकार गतिरोधकाचं माप दिलं आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी धक्का न बसता जाईल असा. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची ३.७ मीटरची जीवा घेतली की कंसाची मधली उंची जवळजवळ १० सेंटीमीटर येते. नववीच्या वर्गात फळ्यावर हे सोडवून घेतलं, मुलांना आवडलं. पण कॉलनीतल्या ज्या आजी प्रसूत झालेल्या सुनेला रिक्षातून घरी घेऊन आल्या, त्यांना ती १७ सेंटीमीटर कशी लागली असतील, हे आठवून मला आजही वाईट वाटतं. तो फोडून रीतसर अर्ज करायचा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. उंच गाडी घेऊन या उंचवट्यातून मी सुटेन. रिक्षातून येणारे सुटणार नाहीत.

अखेर आम्ही वॅगन आर ठरवली आहे. उंची १ मीटर ६७ सेंटीमीटरच्या वर. बाबा दारात पाठमोरे उभे राहतात, बूड टेकवतात, वळतात. मान वाकवावी लागत नाही. आम्ही पाहिलेल्या १.२ लिटरच्या गाडीला टायर १६५/७० आर १४, म्हणजे भिंत एकशे साडेपंधरा मिलिमीटर. लांबीला ती पोलोपेक्षा आखूड आहे, त्यामुळे मागच्या सीटचा प्रश्न पुरता मिटत नाही, पण बाबा पुढे बसतात आणि आईची तक्रार नाही. यवतेश्वरच्या वळणांना ती कलते. मी हळू चालवेन. हायवेला उंच गाडीला वारा लागतो, तोही जाणवला.

सहकाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी "जीटीवरून वॅगन आर?" असं विचारलं, त्यात जरा खालच्या पायरीवर उतरल्याचा सूर होता. आराम हवा तर मोठी एसयूव्ही घे, असंही सांगितलं. पण त्यातल्या काहींचा उंबरा इतका उंच आहे की बाबांना पाय उचलून चढावं लागलं. बसायला खाली पडावं लागू नये आणि चढायला पायरी लागू नये, अशी मधली उंची हवी होती, आणि ती या साध्या गाडीत मिळाली. पोलोचे दोन लाख नव्वद हजार येतायत. मला त्या रकमेचं सुख नाही. गाडी जाणार म्हणून रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आपल्याला एकच विनंती. आपल्या परीक्षणात दाराची उंची, उंबऱ्याची उंची आणि सीट जमिनीपासून किती वर आहे, ही तीन मापं द्या. टेपने मोजायला दहा मिनिटं लागतात. आणि परीक्षण करणाऱ्याने निदान वीस किलोमीटर मागच्या सीटवर बसावं, शक्य झालं तर सत्तरीच्या पुढचं एखादं माणूस सोबत घ्यावं. आमचे बाबा आनंदाने येतील. पुण्याची त्यांची पुढची खेप महिनाअखेरीला आहे, आणि तोवर नवी गाडी आलेली असेल.

आपली,
एक शिक्षिका, शाहूपुरी, सातारा