पावसाचं गाणं लावता, कवीचंही नाव घ्या

संपादक महोदय,

श्रावण लागला की माझ्या शिलाई मशीनशेजारचा रेडिओ दिवसभर सुरू असतो. परवा एका वाहिनीवर ‘ये रे घना’ लागलं. निवेदकाने आशाताईंचं नाव घेतलं आणि लगेच जाहिरात! कवी आरती प्रभू, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर, एवढं सांगायला किती वेळ लागतो? आम्हा कुडाळकरांना हे जास्तच लागतं. आरती प्रभू म्हणजे आमचे चिं. त्र्यं. खानोलकर, कुडाळात खानावळ चालवता चालवता कविता लिहिणारे.

‘श्रावणात घननिळा बरसला’ तर माझं सर्वांत लाडकं. पाडगावकरांचे शब्द, लताबाईंचा आवाज. पण खरी कमाल संगीतकार श्रीनिवास खळेकाकांची. कडव्यागणिक चाल बदलते आणि तरीही प्रत्येक कडवं कसं अलगद धृपदावर येऊन टेकतं. ते ऐकताना माझा पाय मशीनच्या पायट्यावर आपोआप थांबतो. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. आता हे खळ्यांचं नाव न घेता वाजवायचं, म्हणजे काय म्हणावं?

‘जैत रे जैत’ चित्रपटातली गाणी लिहिणारे ना. धों. महानोर पळसखेडचे शेतकरी. २०२३च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात ते गेले. शेतात राबणाऱ्या माणसाने पावसावर लिहिलंय, हे नव्या पोरांना कळायला नको?

वाहिन्यांनी गाण्याआधी तिघांचीही नावं सांगावीत. मोबाइलवरच्या अ‍ॅपनेही गायकाशेजारी कवीचं नाव द्यावं.

– एक शिवणकाम करणारी वाचक, कुडाळ (सिंधुदुर्ग)