बंटीच्या हाताबद्दल, नीट वाच

प्रिय संज्या,

काल फोनवर मागे काकू रडत होत्या, नीट बोलताच आलं नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, बंटीलाही वाचून दाखव.

बंटी गाडीवरून पडला त्याच्या एक्सरेत फ्रॅक्चर नाही म्हणून तुम्ही सगळे सुटलो म्हणताय, पण अरे एक्सरेत नस दिसतच नाही. गाडीवरून खांद्यावर पडलं आणि मान दुसऱ्या बाजूला ताणली गेली की मानेतून हातात उतरणारं पाच मुळांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, ताणलं जातं नाहीतर तुटतं. बंटीचा खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही, अंगठ्याची बाजू बधिर आहे, पण बोटं चांगली हलतात, म्हणजे मार वरच्या दोन मुळांना, सी-५ आणि सी-६ ला बसलेला वाटतो. माझ्याकडे फिजिओला अशी पोरं कायम येतात, आणि बरीचशी उशिरा येतात, त्याचाच मला त्रास होतो.

नसेला नुसता धक्का बसला असेल तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत हात परत येतो. आतले तंतू तुटले पण आवरण शाबूत असेल तर ते दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढत खाली येतात, वेळ लागतो. पण नस पूर्ण तुटली किंवा मणक्यातून उपटली गेली असेल तर ती आपोआप जुळत नाही, कितीही थांबा. आणि पहिल्या दिवशी तिन्हीत हात सारखाच लोंबतो! म्हणून ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नसा आणि स्नायूंची करंटवरची तपासणी करतात, तीही ३ आठवड्यांनंतर, कारण तुटलेल्या नसेचा खालचा भाग सुरुवातीचे काही दिवस करंट नेत राहतो आणि रिपोर्ट फसवा येतो. तुमचा दीड महिना झालाय, या आठवड्यात करूनच घ्या, सोबत मानेचा आणि प्लेक्ससचा एमआरआय. त्या बाजूची पापणी खाली आलीय का, बाहुली लहान दिसते का तेही बघ, ते मूळ उपटल्याचं लक्षण असतं.

'वर्षभर वाट बघा, येईल हळूहळू' असं जे तुम्हाला सांगितलंय ना, ते कृपा करून ऐकू नका. नसेविना स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षच तग धरतो, मग नस पोचली तरी उपयोग होत नाही, म्हणून ऑपरेशन लागणार असेल तर ३ ते ६ महिन्यांच्या आत झालेलं बरं. बोटं चालतात ही बंटीची खरी जमेची बाजू. बोटांकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक छोटा धागा काढून कोपर वाकवणाऱ्या बायसेप्स स्नायूच्या नसेला जोडतात, फ्रान्सच्या ओबरलिन यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली, आणि वेळेत केली तर बऱ्याच जणांचं कोपर परत वाकतं. नसांचं काम नेहमी करणारा प्लास्टिक किंवा हँड सर्जनच गाठा.

बी-१२ च्या गोळ्या चालू राहू देत पण त्यांनी तुटलेली नस जुळत नाही, आणि त्या हाडवैद्याला खांदा अजिबात ओढू देऊ नका. हात झोळीत ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा तूच हलक्या हाताने खांदा, कोपर, बोटं हलवून दे, सांधे आखडले तर पुढचं ऑपरेशनही वाया जातं. बधिर बाजूला गरम चहा, इस्त्री, गॅस लागू देऊ नका, त्याला भाजलेलं कळणार नाही. रात्री हात जळतो म्हणतो ते खरं दुखणं आहे, नाटक नाही, काकांना सांग. त्यावर प्रीगॅबालिनसारखी औषधं असतात, डॉक्टरांना विचारा.

रिपोर्ट आले की लगेच फोटो पाठव, रात्री अकराला आले तरी पाठव. पुण्यात दाखवायचं ठरलं तर उतरायला आमच्याकडेच या, काकूंनाही आण.

तुझा,
अव्या