बूट सोडू नकोस, आई

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं घाईत बोलून होतं, म्हणून लिहितेय. रविवारी बाळाला घेऊन पंधरा दिवस राहायला येतेय. त्याआधी हे वाचा.

आई, मागच्या वेळी तो रात्री रडला आणि तू त्याचे दांड्याचे बूट, एका दांडीने जोडलेली ती जोडी, सोडून ठेवलेस. सकाळी मी तुला फार बोलले, चुकलंच. पण भीती खरी होती. जन्मतः आत वळलेला त्याचा पाय (डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात) आता सरळ दिसतोय, म्हणजे काम संपलं असं नाही. दहाव्या दिवसापासून दर आठवड्याला नवं प्लॅस्टर, थेट मांडीपर्यंत. अशी सहा झाली. डॉक्टर दर वेळी पाय हाताने हळूहळू थोडासा वळवायचे आणि तिथेच धरून प्लॅस्टर घालायचे. तान्ह्या पायाची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात, म्हणून हे जमतं. पण पाय आत ओढणारी ओढ काही वर्षं राहते. बूट सुटले की पाय परत वळू लागतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून प्लॅस्टर. म्हणून पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास बूट. नंतर चार वर्षांचा होईपर्यंत फक्त झोपेत.

बाबा, तुम्ही विचारलंत, ऑपरेशन नाही तर टाचेवर खूण कसली? टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आखूड होती, तेवढी जागा बधिर करून ती छेदली. टाकासुद्धा नाही. शेवटच्या प्लॅस्टरच्या 3 आठवड्यांत ती लांब होऊन जुळून आली. ही पद्धत अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉक्टर पोन्सेटींची. लहानपणी मोठी ऑपरेशनं झालेले पाय पुढे ताठ आणि दुखरे होतात, हे त्यांनी पाहिलं आणि 1950च्या आधीपासूनच ही वाट धरली.

तुम्ही त्याच्या पायाकडे बघायचं टाळता, बाबा. धाकटे काका आठवतात ना? आयुष्यभर पावलाच्या कडेवर चालले. त्यांची चप्पल एकाच बाजूने झिजलेली असायची, मलाही आठवते. त्यांच्या वेळी गावात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आजीचा दोष नव्हता.

आणि आई, ग्रहणाचं मनातून काढ. त्या दिवशी मी भाजी चिरली, खरं आहे. पण हजारात एखाद्या बाळाचा पाय असा असतो, मुलग्यांत जास्त, आणि ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही असतो. तू पाहुण्यांसमोर हे बोललीस की मला रात्रभर झोप लागत नाही.

रात्री तो रडला तर मला उठव. टाच बुटात नीट टेकली आहे का, फोड आलाय का, ते मी बघेन. थोडा लाल वळ चालतो, फोड नाही. दोन्ही पाय एकदम झाडायला तो आता शिकलाय, पाळणा हलतो त्याने.

दुपारचा एक तास बूट काढायचे असतात. तो तास, आई, तुझा. तेल कोमट करून ठेव, पावलांना तेवढं लावू नकोस, बुटात घसरतं. अंघोळीनंतर पट्टे बांधायला बाबा, तुम्ही माझ्याजवळ बसा.

तुमची,
लेक