काट्यावरच्या तारखा सरळ करून देणाऱ्या सरांना

सर, नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू टाकलं असतं तर तुम्ही हात जोडलेला इमोजी टाकून मोकळे झाले असते, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलोय. वयानं तुम्ही माझ्याहून लहान, पण एमएस-सीआयटीचा क्लास घेता म्हणून आख्खी गल्ली तुम्हाला सर म्हणते, तर मी पण सरच म्हणणार.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या सेलूकडं कापसाचा सीझन लागला की जिनिंगवर (कापसातली सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यावर) गाड्यांची ही लाईन, गाडी आत कधी आली अन् रिकामी होऊन बाहेर कधी गेली हे वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर लिहून ठेवतं आणि त्यावरून गाडीवाल्याचं हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, काढायचं असतं. पण त्या फाईलीत तारीख-वेळ एकाच सेलमध्ये, ०५.१२.२०२४ २२:४० अशी, एक्सेलच्या हिशोबानं ती तारीखच नाही, नुसती अक्षरं. वजाबाकी केली की एरर. यूट्यूबवर सांगतेत ठिपके काढा, तिरप्या रेघा टाका, डेटव्हॅल्यू (अक्षरांची तारीख करणारा एक्सेलचा फॉर्म्युला) लावा, झालं काम.

तुम्ही तिथंच अडवलं. म्हणले, डेटव्हॅल्यू कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणं वाचतंय, ऑफिसातलं मशीन अमेरिकन सेटिंगवर हाय, ५ डिसेंबरचं १२ मे होईल. १३ तारखेपासून पुढं एरर तरी येतो, कारण तेरावा महिना कुठून आणणार, पण त्याच्या आधीच्या गाड्या गपगुमान भलत्याच महिन्यात जाऊन बसतात (१२ डिसेंबर तेवढी नशिबानं बरोबर). एरर आलेला परवडला, हे लई वाईट.

मग तुम्ही एका एका कॉलमात दिवस, महिना, वर्ष वेगळं काढायला लावलं आणि शेवटी सगळं जोडलं (लेफ्ट म्हणजे डावीकडची अक्षरं, मिड म्हणजे मधली, ए२ म्हणजे तारखेचा सेल): =डेट(मिड(ए२,७,४),मिड(ए२,४,२),लेफ्ट(ए२,२))+टाइमव्हॅल्यू(मिड(ए२,१२,५)). याच्यात दिवस कोणता अन् महिना कोणता हे आपण सांगतो, मशीनला विचारतच नाही. उत्तर आलं ४५६३१.९४४ आणि मी म्हणलं हे काय आलं आता! तर पूर्णांक म्हणजे १ जानेवारी १९०० ला एक धरून मोजलेले दिवस, अन् पॉइंटच्या पुढचं म्हणजे दिवसाचा भाग, दुपारचे १२ म्हणजे ०.५. त्यात १९०० च्या फेब्रुवारीत नसलेली २९ तारीख बी मोजलीय, एक्सेलच्या आधीच्या लोटस नावाच्या सॉफ्टवेअरशी जुळावं म्हणून एक्सेलनं ती तशीच ठेवली, हे तुम्ही हसत हसत सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

काही ओळींत तारखेच्या आधीच स्पेस होता, त्यानं सगळे आकडे एक घर सरकायचे. तुम्ही लेन (अक्षरं मोजणारा फॉर्म्युला) लावून बघा म्हणले, सोळा यायला पाहिजे तिथं सतरा. जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिमनं बी जाईना. तो साधा स्पेसच नव्हता, कॅर १६० म्हणतात तो वेगळाच, दिसायला तसाच स्पेस होता, एका अक्षराच्या जागी दुसरं टाकणारा सबस्टिट्यूट लावला तेव्हा गेला.

अन् महिन्याच्या बेरजेचं! गाडी ५ ला रात्री २२:४० ला आली, ६ ला पहाटे ४:१० ला सुटली, साडेपाच तास बरोबर निघाले, पण एका गाडीवाल्याचे सगळे तास मिळवले तर साडेसत्तावीसच्या जागी साडेतीनच दिसायले, चोवीस तास झाले की घड्याळासारखं परत शून्यापासून. फॉरमॅटमधल्या तासाच्या अक्षराला चौकोनी कंस घाला, एवढंच तुम्ही फोनवर बोलले. घातला, २७:३० आलं. गाडीवाला समोरच उभा होता, त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही.

तयार फाईल पाठवली असती तर तुमचे दोन मिनिटं गेले असते. तुम्ही तसं केलं नाही, माझ्याकडून टाईप करून घेतलं, लेफ्ट-मिड मोजायला बोटं लावायला लावली, त्याचेच आभार जास्त. कारण आता काटा बदललाय आणि नवा काटा १०:४०पीएम असं चिकटून लिहितोय, टाइमव्हॅल्यू ते घेत नाही. पीएमच्या आधी एक स्पेस घातला सबस्टिट्यूटनं, एएमच्या आधी पण, अन् चाललं. तुम्हाला फोनच केला नाही.

जानेवारीत हुरड्याला या मात्र. लॅपटॉप घरी ठेवून या.